तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी देखावा मोडायचा, असा आमच्या मंडळाचा नियम होता. गणपती समुद्रात गेला की सकाळी आम्ही हातोड्या आणि पकडी घेऊन मंडपात जमायचो. आधी दिव्यांच्या माळा सोडवायच्या, मग मोटारी काढून फडक्यात बांधायच्या. बांबू एकीकडे, गोणपाट दुसरीकडे, थर्माकोलचा चुरा कचऱ्यात. महिनाभर खपून उभं केलेलं जग दुपारच्या जेवणाआधी नाहीसं व्हायचं. पहिल्या वर्षी मी रडले होते. तेव्हा पेंटर म्हणाला, "रडतेस काय? हे मोडल्याशिवाय पुढचं सुचणार कसं?"

पेंटर म्हणजे आमच्याच चाळीत राहणारा, दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा माणूस. त्याला नाव होतं, पण ते रेशनकार्डापुरतं. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठा, तरी चाळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्याला अरेतुरे करायची. देखावा हे त्याचं डोकं आणि बाकी आम्ही सगळे त्याचे हात. लाकूडकाम खालच्या मजल्यावरच्या सुताराकडे होतं, आणि जे हलायचं, फिरायचं, पेटायचं ते माझ्याकडे.

चाळ अंधेरीला, पूर्वेकडे, साकीनाक्याला चालत जाण्याएवढ्या अंतरावर होती. मी साकीनाक्यावरच्या एका कारखान्यात वाइंडिंगला होते. म्हणजे लहान मोटारी आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये तांब्याची तार गुंडाळायची, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मंडळात बायकांना काम कोणतं, तर मोदक आणि हळदीकुंकू. मी शिरले ती मोटारींच्या जोरावर. ऐन आरतीच्या वेळी चक्र अडकलं की अध्यक्षालाही माझी आठवण यायची, आणि अडकलं नाही की "पोरीच्या जातीला कशाला पाहिजे हे" असं कानावर यायचं. मी ऐकून घेणाऱ्यातली नव्हते. एकदा ऐन गर्दीत मोटार बंद करून मी घरी निघून गेले होते, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

बाकीची मंडळं पुराणातले देखावे करायची. राक्षस मान हलवायचा, देवाच्या हातातलं चक्र फिरायचं. पेंटरला त्यात राम वाटत नव्हता. त्याची अट एकच होती: जे जग करायचं ते पोथीत नसावं आणि नकाशातही नसावं. एका वर्षी आम्ही समुद्राखालचं गाव केलं. त्यासाठी वर्सोव्याला जाऊन फाटकी जाळी मागून आणली. पुढच्या वर्षी मुंग्यांचं राज्य. मग ढगांवरची वाडी, चिऱ्यांच्या घरांची, जिथे पाऊस खाली पडायचा आणि कुणाचं घर गळायचं नाही. प्रत्येक जगाला कायदे असायचे. ते आम्ही बसून ठरवायचो, भांडायचो, मग मी ते शुद्ध मराठीत कॅसेटवर बोलायचे. शाळेत मला वक्तृत्वात बक्षीस मिळालं होतं, म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं. "या गावात पाण्यासाठी कुणी रांग लावत नाही, कारण सगळं गावच पाण्यात आहे." या वाक्याला गर्दी दर वेळी हसायची.

त्या काळी उपनगरांतल्या देखावेवाल्यांची एक बिरादरीच होती. घाटकोपरची, मुलुंडची, बोरिवलीची पोरं दुपारी गर्दी नसताना यायची आणि पुढे उभं न राहता थेट पडद्यामागे घुसायची. कुठली मोटार काय फिरवते, सायकलच्या ट्यूबचा पट्टा कसा लावला, रंगवलेला लाकडी भुसा पाण्याने काळा पडू नये म्हणून काय घातलं, सगळं विचारायची. आम्हीही त्यांच्याकडे तसंच करायचो. कुणी काही लपवायचं नाही. देखावा दहा दिवसांचा, मग लपवून करायचं काय? मला वाटतं माझ्या आयुष्यातली तेवढीच माणसं होती ज्यांना मी कुणाची मुलगी, कुठल्या जातीची, लग्न का झालं नाही, असलं काही विचारावंसं वाटलं नाही. मोटारीची गराडी कितीची, एवढंच विचारायचे.

मग गिरण्यांचा संप आला.

बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. कोकणातून मुंबईत आले ते थेट गिरणीत, आणि तेव्हापासून साच्यासमोर उभे. संप लांबत गेला, आणि कधी तरी सगळ्यांना कळून चुकलं की आता गिरणी परत काही बोलावत नाही. बाबांनी ते मान्य केलं नाही आणि नाकारलंही नाही. ते गप्प झाले. चाळीच्या गॅलरीत कठड्याला टेकून उभे राहायचे, दिवसभर. आमची खोली एवढीशी, त्यात आम्ही सहा जणं, आईच्या खाणावळीच्या डब्यांचा पसारा. घरात बसायला जागा नव्हती हे खरंच, पण मला वाटतं त्यांना बसायची सवयच नव्हती. जेवायला बसले तरी लवकर उठायचे. शेजारचे विचारायचे, "काय, संपाचं काय ऐकलंत?" बाबा मान हलवायचे, आणि त्या मान हलवण्याचा अर्थ कुणालाच लागायचा नाही. घरात आई आणि मी कमावत होतो. बाबा आमच्याकडे बघायचे टाळत. मला त्यांचा राग यायचा, आणि राग आल्याचं वाईट वाटायचं, आणि मग आणखी राग यायचा.

संप सुरू होऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा पेंटरने नवं जग काढलं. म्हणाला, "लांब कुठे जायचंच नाय यंदा. आपली चाळच करू. पण झाली असती तशी."

म्हणजे आमच्याच चाळीच्या जागेवर एक उंच इमारत. प्रत्येक खोलीला त्यात एक घर, प्रत्येक घराला एक खिडकी, खिडकीत दिवा. आणि खिडकीत काय असेल ते ज्याचं त्याने सांगायचं. सुताराने सांगाडा केला, माझ्या खांद्याएवढा उंच. मग पेंटर आणि मी खोल्याखोल्यांतून विचारत फिरलो. आधी लोक हसले. मग सांगायला लागले, आणि सांगायला लागल्यावर थांबेनात. कुणाला तुळस, कुणाला शिलाई मशीन, कुणाला पोपटाचा पिंजरा. एका म्हातारीने सांगितलं की माझ्या खिडकीत काही घालू नका, मला मोकळी हवी. शेजारच्या खोलीतली सून सासू बाहेर गेल्यावर येऊन म्हणाली, "मला दार घाल. आतल्या खोलीचं. लागणारं."

आमच्या घरात आई म्हणाली, "नळ."

"काकी, नळ बाहेरून दिसत नाय," पेंटर म्हणाला.

"मला दिसेल," आई म्हणाली.

बाबा गॅलरीत होते. कठड्याकडे तोंड करूनच ते बोलले. कित्येक महिन्यांनी न विचारता बोलले असतील. "खिडकीत एक खुर्ची ठेव गो. बसाक. सगळो जल्म उभ्यानच गेलो."

आईने नळाचा हट्ट सोडला. 

पेंटरने काड्यापेटीच्या काड्यांची खुर्ची केली, नखाएवढी. पाठीला वेताच्या विणीसारख्या बारीक रेघासुद्धा मारल्या. मजला बाबांनी निवडला, तिसरा, कारण त्याच्यावर पाणी चढत नाही आणि त्याच्याखाली डास फार. दिव्यांसाठी मी नवी जोडणी केली. बाजारातल्या माळेत एक दिवा गेला की अख्खी माळ विझते. मी स्वतः ट्रान्सफॉर्मर गुंडाळला आणि प्रत्येक घराला वेगळी तार दिली, म्हणजे एकाचा दिवा गेला तर शेजाऱ्याचा जाणार नाही. आमच्या खिडकीत दिवा खुर्चीच्या मागे लावला, त्यामुळे खिडकीला चिकटवलेल्या बटरपेपरवर खुर्चीची सावली पडायची. कॅसेटवर मी बोलले: "या नगरात पाण्यासाठी कुणी पहाटे उठत नाही. या नगरात दाराला कडी आहे, पण ती लावावी लागत नाही. या नगरातून कुणी कुणाला जा म्हणत नाही."

देखावा उघडला आणि कधी नव्हे ते आमच्या मंडळापुढे रस्त्यापर्यंत रांग लागली. चाळीतल्या माणसांनी तर कमाल केली. आधी गणपतीला हात जोडायचे आणि मग आपापल्या खिडकीला. बायका खिडक्यांखाली फुलं ठेवून जायच्या. बाबा घडीचा शर्ट घालून मंडपात यायला लागले, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला बोट दाखवायचे. "ता तिसऱ्या माळ्यावरचा आपला. वारो बरो येता थंय." थर्माकोलच्या खिडकीत वारा. पण ते इतक्या खात्रीने सांगायचे की लोक मान डोलवायचे. घरी ते जेवायला बसले की बसून राहायला लागले. मी आयुष्यात केलेल्या कुठल्याच कामाचा मला तेवढा अभिमान वाटलेला नाही.

एका संध्याकाळच्या आरतीला पाहुणा म्हणून एक बिल्डर आला. चाळमालक जागा विकणार आहे आणि घेणारा हाच, ही कुजबुज आधीपासून होती. चाळीतल्या निम्म्या लोकांचा ठाम नकार होता. जुनी भाडेकरू माणसं, एकदा बाहेर पडलो तर परत कोण घेतंय, अशी साधी भीती. बिल्डर आरतीनंतर देखाव्यासमोर उकिडवा बसला. खिडक्या एकेक करून बघितल्या. कॅसेट संपल्यावर पुन्हा लावायला सांगितली. मग उठून हात झटकत म्हणाला, "झकास. असंच बांधू या ना. अगदी असंच."

विसर्जन झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हातोड्या घेऊन मंडपात गेलो, तर चाळ आमच्या आधी तिथे उभी होती. ती मोकळी खिडकी मागणारी म्हातारी सगळ्यात पुढे. आणि तिच्या शेजारी बाबा.

"ह्या मोडूचा नाय," बाबा म्हणाले.

"काका, देखावा आहे तो," पेंटर म्हणाला. "दरवर्षी मोडतो ना आपण."

"दरवर्षीचा येगळा. ह्यात घरां आसत."

पेंटरने खूप समजावलं. देवापुढे दहा दिवस ठेवायची गोष्ट आहे, देव गेला, आता तिचं काम संपलं. मग त्याचा आवाज चढला. म्हणाला, ठेवलंत तर खरं वाटायला लागेल तुम्हाला, वाट लागेल सगळ्यांची. लोक म्हणाले, देवापुढे फुलं वाहिलेली वस्तू हातोड्याने फोडायची का? स्वतःचं घर कुणी फोडतं का? पेंटरने माझ्याकडे बघितलं.  मी बाबांकडे बघत होते. बाबांची मान ताठ होती, ते कुणाशी तरी भांडत होते, जिवंत माणसासारखे. मी हातोडी पिशवीत टाकली.

पेंटरने पुन्हा देखावा केला नाही.

पंधरवड्याने बिल्डरचा माणूस टेम्पो घेऊन आला आणि देखाव्यातल्या इमारतीचं ते मॉडेल त्यांच्या ऑफिसात घेऊन गेला. बरोबर कॅसेटही. ऑफिसात बसल्या जागी लोकांना आपापली खिडकी दाखवायची आणि मग कागद पुढे करायचा, असं चाललं होतं. ज्यांनी वर्षभर नाही म्हटलं त्यांनी सह्या केल्या. तेव्हा कागदावर काय लिहिलंय ते कुणी वाचलं नाही. खिडकी तर समोर होती, दिव्यासकट. जे राहिले त्यांच्याकडे बाबा स्वतः जायचे. संप हरलेला माणूस, त्याला पुन्हा एकदा सगळ्यांना एकत्र आणायचं काम मिळालं होतं. "सगळ्यांनी मिळून जाऊक होया," म्हणायचे. पेंटरने सगळ्यात शेवटी सही केली, एकटा राहून करणार काय म्हणून, आणि त्याच महिन्यात बायकोपोरांना घेऊन गावाला निघून गेला. जाताना मला भेटला नाही. ते मला अजून लागतं.

आम्हाला विक्रोळीला नेलं, खाडीच्या अंगाला. पत्र्याच्या शेडी, मध्ये प्लायवूडचे पडदे. तात्पुरतं, दीड वर्ष फार तर. पावसात दलदल आणि उन्हात तवा. खिडकी कुठल्याच घराला नव्हती. साकीनाका लांब पडला, तरी मी नोकरी सोडली नाही. दीड वर्षाची दोन झाली, मग तीन. अंधेरीच्या जागेवर पत्रे ठोकलेले, आत एक खड्डा, खड्ड्यात हिरवं पाणी आणि बेडूक. कुणी म्हणे जागेवर कज्जा आहे, कुणी म्हणे परवानगी अडकली. मोकळी खिडकी मागणारी म्हातारी पहिल्याच उन्हाळ्यात गेली. काही कुटुंबं भाड्याने बदलापूरकडे सरकली. शेडींत गणपती बसला, पण त्याच्या मागे नुसता पडदा. काय करायचं, असं एकदा कुणी तरी मला विचारलं. मला काही सुचत नव्हतं.

बाबांना पुन्हा गप्प होताना बघावं लागेल अशी मला भीती होती. पण ते गप्प झाले नाहीत. बिल्डरचं ऑफिस मुलुंडला हललं होतं, तिथे ते बसने जायचे, महिन्यातून एकदोनदा. मला वाटायचं घराचं विचारायला जातात. परत आले की आई विचारायची, काय म्हणाले? बाबा म्हणायचे, "आपलो दिवो चालू आसा." मग मला कळलं, ते घराबद्दल काही विचारतच नव्हते. मॉडेलसमोर थोडा वेळ उभे राहून परत यायचे. ऑफिसातली माणसंही सवयीची झाली होती, या काका म्हणायची. मला ते ऐकून इतका संताप आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तेच माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला.

"दिवो गेलो गो," म्हणाले.

रविवारी मी नवा दिवा आणि पेचकस घेऊन त्यांच्याबरोबर मुलुंडला गेले. ऑफिस थंडगार, खुर्च्या मऊ, भिंतीवर रंगीत चित्रं. मॉडेल काचेच्या टेबलावर. त्याला नवा रंग काढला होता आणि पायाशी हिरवा भुसा टाकून बाग केली होती. तिथला माणूस म्हणाला, बरं झालं आलात, एक खिडकी काळी दिसते, बरं नाही वाटत. मी मागची फळी उघडली. माझ्याच तारा, माझेच सांधे, वर्षं झाली तरी एकही सुटला नव्हता. आमची तार शोधली, दिवा बदलला. पुढून बाबांचा आवाज आला, "लागलो."

मी फळी बसवत होते तेव्हा दार उघडलं. एक जोडपं आत आलं. मी मॉडेलच्या मागे बसलेली, मला फक्त त्यांचे पाय आणि कमरेपर्यंतचं दिसत होतं. इस्त्रीची पँट, आणि कडेवर मूल घेतलेली एक बाई. ऑफिसच्या माणसाने त्यांना टेबलापाशी आणलं आणि कॅसेट लावली. माझा आवाज सुरू झाला. "या नगरात पाण्यासाठी कुणी पहाटे उठत नाही." ऑफिसचा माणूस त्या आवाजावर आवाज चढवून सांगत होता, इथून पाच मिनिटांवर स्कीम आहे, जुनी चाळ पाडून करतोय, तुमच्या चाळीतल्या निम्म्या लोकांनी सह्या दिल्यात. नीट बघा. तुमची खिडकी तुम्हीच निवडा.

 उठून ओरडायचं होतं. पण खोलीत माझाच आवाज चालू होता, शुद्ध, गोड, बक्षीस मिळालेला. त्याच्यापुढे मी काय बोलणार होते आणि माझं कोण ऐकणार होतं?

बाई वाकली. बटरपेपरवर तिच्या बोटाची सावली आली. "ही तिसऱ्या मजल्यावरची छान आहे," ती नवऱ्याला म्हणाली. "बघा, आत खुर्ची आहे." मग ऑफिसच्या माणसाला, "ही कुणी घेतलीये का?"

"नाही, नाही. रिकामीच आहे."

बाबा टेबलाच्या बाजूलाच उभे होते. कॅसेटवर मी म्हणत होते, या नगरातून कुणी कुणाला जा म्हणत नाही. ती संपली. खरखर ऐकू यायला लागली.

"घ्या," बाबा म्हणाले, परक्यांशी बोलायचे तशा साफ मराठीत. "वारा चांगला येतो."

मी पेचकस पिशवीत टाकला आणि बाहेर आले. बसस्टॉपवर बाबा माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. मग माझा ताबा सुटला. म्हटलं, तुम्ही असं का सांगितलंत? तिला फसवताहेत ते, आपल्याला फसवलं तसं. तुम्हाला कळलं ना? कळूनही सांगितलंत?

बाबा रस्त्याकडे बघत होते. त्यांना कळलं होतं. मला वाटतं त्यांना फार आधी कळलं होतं.

"कडेवर पोर होता तिच्या," ते म्हणाले. "मगासपासून उभी होती गो ती."

त्यानंतर ते मुलुंडला कधी गेले नाहीत.